नाताळातील डिस्ने वर्ल्ड : जेवणाची टेबले आधीच कशी राखून ठेवावीत

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला नाताळाच्या सुट्टीत जायचे ठरले की बहुतेक कुटुंबे विमान, हॉटेल आणि उद्यानांची तिकिटे यांची व्यवस्था महिनोन्‌महिने आधी लावतात आणि जेवणाचे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हा तिथला वर्षातील सर्वाधिक गर्दीचा आठवडा मानला जातो. या आठवड्यात नावाजलेल्या रेस्टॉरंटांमधील सोयीच्या वेळा जवळजवळ दोन महिने आधीच भरून जातात, आणि ऐन दुपारी एक वाजता भुकेजलेली मुले घेऊन दारोदार चौकशी करण्याची वेळ नवख्या पाहुण्यांवर येते. हे टाळणे अवघड नाही. फक्त आरक्षणाची पद्धत आणि तिच्या तारखा आधी समजून घ्याव्या लागतात.

सुरुवातीलाच एक मत नोंदवतो, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. दिवसाला बसून जेवण्याचे एकच आरक्षण करावे, आणि तेही आपण त्या वेळी जिथे असणार आहोत त्याच्या जवळचेच करावे. उत्साहाच्या भरात सकाळ, दुपार आणि रात्र अशी तिन्ही जेवणे राखून ठेवणाऱ्यांचा निम्मा दिवस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धावण्यात जातो.

जागेचा अंदाज

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक उद्यान असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ओरलँडोजवळच्या सुमारे 25 हजार एकरांच्या या मालमत्तेत मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार स्वतंत्र उद्याने, दोन जल-उद्याने, पंचवीसच्या आसपास हॉटेले आणि डिस्ने स्प्रिंग्ज हा खरेदी-खाण्याचा मोठा परिसर आहे. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला बस, मोनोरेल, होडी किंवा स्कायलायनर हा हवाई पाळणा मिळतो, पण वाट पाहण्यासकट त्यात एक तास सहज जातो. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस बहुधा नसते. मधे एखाद्या उद्यानाशी किंवा डिस्ने स्प्रिंग्जला उतरून बस बदलावी लागते. एपकॉटमध्ये फिरत असताना रात्रीचे जेवण अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये ठेवले, तर त्या जेवणाची खरी किंमत बिलापेक्षा प्रवासाच्या वेळेत मोजावी लागते.

खाण्याच्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. काउंटरवरून ट्रे घेऊन बसायचे, त्याला तिथे क्विक-सर्व्हिस म्हणतात. त्यासाठी टेबल राखून ठेवावे लागत नाही. वेटर येऊन वाढतो किंवा बुफे असतो, ती टेबल-सर्व्हिस. आगाऊ आरक्षणाचा सगळा खटाटोप या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. उद्यानाच्या आतील रेस्टॉरंटात टेबल मिळाले, तरी त्या दिवसाचे उद्यानाचे तिकीट लागतेच. आरक्षण दाखवून आत सोडत नाहीत. हॉटेलांमधील आणि डिस्ने स्प्रिंग्जमधील रेस्टॉरंटांना मात्र तिकिटाची गरज नसते, त्यामुळे पोहोचण्याच्या किंवा परतीच्या दिवशी, जेव्हा तिकीट वाया घालवायचे नसते, तेव्हा ती उपयोगी पडतात.

आधी दिवस ठरवावेत, मग जेवण

कागदावर मुक्कामाचे दिवस मांडावेत आणि प्रत्येक दिवसापुढे एकाच उद्यानाचे नाव लिहावे. हे केल्याशिवाय रेस्टॉरंटांची यादी उघडूच नये. यादी लांब आहे, छायाचित्रे मोहक आहेत आणि एकदा आवडीची जागा मनात बसली की सगळी सहल तिच्याभोवती वाकवली जाते.

डिसेंबरच्या पूर्वार्धात जाणाऱ्यांनी येथे एक सापळा ओळखून ठेवावा. नोव्हेंबरपासून नाताळाच्या काही दिवस आधीपर्यंत ठरावीक रात्री मॅजिक किंगडममध्ये ‘मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ असते. तिचे तिकीट वेगळे असते, आणि त्या दिवशी साध्या तिकिटाच्या पाहुण्यांसाठी उद्यान संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते. अशा दिवशी मॅजिक किंगडममध्ये रात्री साडेसातचे टेबल रिकामे दिसले, तर ते बहुधा पार्टीचे तिकीट असलेल्यांसाठी असते. म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी उद्यानांच्या वेळापत्रकात ती रात्र पार्टीची आहे का, हे पाहावे. ज्यांना पार्टीला जायचे नाही त्यांनाही या दिवसांचा लाभ घेता येतो: दिवसा मॅजिक किंगडममध्ये गर्दी तुलनेने कमी असते, आणि संध्याकाळी बाहेर पडून मोनोरेलने जवळच्या एखाद्या हॉटेलात निवांत जेवता येते.

एपकॉटचा दिवस ठरवताना ‘कॅंडललाइट प्रोसेशनल’चाही विचार करावा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर संपेपर्यंत होणाऱ्या या कार्यक्रमात वाद्यवृंद आणि मोठ्या गायनसमूहाच्या साथीने एखादी प्रसिद्ध व्यक्ती ख्रिस्तजन्माची कथा वाचते. एपकॉटमधील काही रेस्टॉरंटे जेवण आणि राखीव आसन असे एकत्र पॅकेज देतात, त्याचे बुकिंग नेहमीच्या आरक्षणापेक्षा वेगळ्या तारखेला सुरू होते. तासन्‌तास रांगेत उभे राहण्याची तयारी नसलेल्या ज्येष्ठांसाठी हे पॅकेज पैसे वसूल करून देणारे आहे. मुले अगदी लहान असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

साठ दिवसांचा हिशेब

टेबल-सर्व्हिसचे आरक्षण भेटीच्या तारखेच्या 60 दिवस आधी खुले होते. ते डिस्नेच्या संकेतस्थळावर किंवा ‘माय डिस्ने एक्स्पीरियन्स’ या अ‍ॅपवर करता येते आणि त्याला वेगळे शुल्क नसते. 25 डिसेंबरचे जेवण हवे असेल तर 26 ऑक्टोबर, आणि 31 डिसेंबरचे हवे असेल तर 1 नोव्हेंबर, असा हा हिशेब येतो. दिवस बोटांवर मोजू नयेत. ऑक्टोबर 31 दिवसांचा असतो हे विसरले जाते आणि एका दिवसाची चूक होते.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना एक मोठी सवलत आहे. मुक्काम सुरू होण्याच्या 60 दिवस आधी त्यांना केवळ पहिल्या दिवसाचे नव्हे, तर पुढच्या दहा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचे आरक्षण एकाच बैठकीत करता येते. समजा, 22 डिसेंबरपासून आठ रात्रींचा मुक्काम आहे. अशा कुटुंबाला 23 ऑक्टोबर रोजी 29 डिसेंबरचे टेबलही मिळवता येते, तर बाहेरच्या हॉटेलात उतरलेल्या कुटुंबाला त्याच टेबलासाठी 30 ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागते. यातून एक साधा डावपेच निघतो: सर्वांत दुर्मीळ जागा मुक्कामाच्या अखेरच्या दिवसांत मागावी, कारण त्या तारखांवर तोवर फार थोड्यांचा हात पोहोचलेला असतो. या सवलतीसाठी हॉटेलचे आरक्षण आपल्या डिस्ने खात्याशी जोडलेले असणे आवश्यक आहे, आणि दलालामार्फत हॉटेल घेतलेल्यांकडून नेमके हेच राहून जाते.

बाहेर उतरणाऱ्यांनी यावरून निराश होऊ नये. त्यांनी उलट बाजूने विचार करावा आणि हवी ती जागा सहलीच्या कोणत्याही दिवशी चालेल अशी लवचीकता ठेवून रोज सकाळी एकेका तारखेसाठी प्रयत्न करावा.

आरक्षणाची सकाळ

ऑनलाइन आरक्षण फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी सहाच्या सुमारास खुले होते. दूरध्वनीची सेवा त्यानंतर सुरू होते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. भारतातून बुकिंग करणाऱ्यांच्या घड्याळात ही वेळ दुपारी साडेतीनची असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, आणि मग तीच वेळ साडेचार होते. दिवाळीच्या आसपासचे हे दिवस असल्याने घरात कोणीतरी एकाने ही जबाबदारी स्पष्टपणे घेतलेली बरी.

आदल्या दिवशीच करून ठेवण्याची कामे थोडी आहेत, पण ती चुकली तर सकाळी वेळ मिळत नाही. खाते उघडून बरोबर येणाऱ्या सर्वांची नावे त्यात भरून ठेवावीत. पैसे भरण्याचे कार्ड खात्यात जोडावे. भारतीय बँकेचे कार्ड असल्यास परदेशी व्यवहारांची सोय सुरू आहे का ते तपासावे, कारण नव्या कार्डावर ती सोय मुळात बंद असते आणि आपण सुरू करावी लागते. हव्या असलेल्या जागांचा क्रम लिहून समोर ठेवावा. प्रत्येक जागेसाठी एक पसंतीची वेळ आणि एक ‘चालेल’ अशी वेळ लिहावी.

सकाळी पंधरा मिनिटे आधी खात्यात प्रवेश करून बसावे. तारीख आणि माणसांची संख्या निवडून रेस्टॉरंटाचे पान उघडावे. माणसे मोजताना तान्ही मुलेही मोजावीत. तीन वर्षांखालील मुलाला बुफेचे पैसे पडत नसले, तरी त्याची खुर्ची टेबलाच्या आकारात धरली जाते. वेळा दिसू लागल्या की आवडीची वेळ शोधत बसू नये. जी जवळची दिसेल ती घ्यावी, कार्डाचा तपशील देऊन आरक्षण निश्चित करावे आणि लगेच यादीतल्या पुढच्या जागेकडे वळावे. वेळेत बदल करणे नंतर सावकाशीने जमते. पहिल्या फेरीत काहीच दिसले नाही तर एक-दोनदा माणसांची संख्या बदलून पाहावी: आठ जणांचे एक टेबल मिळत नसताना चार-चार जणांची दोन टेबले एकाच वेळेला मिळून जातात, आणि पोहोचल्यावर विनंती केली तर शक्य असेल तेव्हा ती शेजारीशेजारी लावून देतात.

अखेरीस निश्चितीचा क्रमांक येतो. त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि खालचा बारीक मजकूर वाचावा. बहुतेक ठिकाणी आरक्षण करताना पैसे कापले जात नाहीत, परंतु न येणाऱ्यांकडून किंवा वेळेत रद्द न करणाऱ्यांकडून माणशी 10 डॉलर घेतले जातात. पाच जणांच्या कुटुंबाला हा भुर्दंड 50 डॉलरचा होतो. सर्वसाधारणपणे जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत रद्द करता येते. काही जागांचे नियम याहून कडक असतात, आणि ‘हूप-डी-डू म्युझिकल रिव्ह्यू’सारख्या भोजन-कार्यक्रमांचे पैसे पूर्णपणे आगाऊ भरावे लागतात.

कशासाठी धडपडावे, कशासाठी नाही

यादीत पहिले स्थान लहान मुले असलेल्यांनी पात्रांसोबतच्या भोजनाला द्यावे. मिकी, डोनाल्ड, विनी द पू अशी पात्रे टेबलापाशी येतात, मुलांशी खेळतात, छायाचित्रांसाठी थांबतात. उद्यानात एकेका पात्राला भेटायला लागणाऱ्या रांगा पाहिल्या, तर एका जेवणात चार-पाच भेटी होतात याचे मोल कळते. अशा जेवणाला प्रौढ माणसामागे पन्नास-साठ डॉलर किंवा त्याहूनही अधिक लागतात. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना बालदर असतो आणि दहाव्या वर्षापासून पूर्ण दर लागतो, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी हिशेबात धरावे. अशी दोन जेवणे एका सहलीला पुरेत.

कंटेम्पररी रिसॉर्टमधील शेफ मिकीज हे मॅजिक किंगडमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून नवख्यांना मी तेच आधी सुचवतो. सिंड्रेलाच्या किल्ल्यातील सिंड्रेलाज रॉयल टेबल हे मिळायला कठीण आणि महाग आहे. किल्ल्यात बसून जेवण्याची मुलीची हौस असेल तर त्यासाठी पहाटे उठावे, नाहीतर सोडून द्यावे. कंटेम्पररी रिसॉर्टच्याच सर्वांत वरच्या मजल्यावरील कॅलिफोर्निया ग्रिल या रेस्टॉरंटातून मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते. मोठ्या माणसांची सहल असेल तर ते पात्रांच्या भोजनापेक्षा सरस. एपकॉटमधील स्पेस 220 हे 2021 साली सुरू झालेले, अवकाशस्थानकात बसल्याचा आभास देणारे रेस्टॉरंट आहे आणि तेही चटकन भरते.

वेळ निवडताना गर्दीचा कल पाहावा. उद्यान उघडल्यानंतरचे दोन-अडीच तास रांगा सर्वांत लहान असतात, ते नाश्त्याच्या टेबलावर घालवणे हा नाताळात तोट्याचा व्यवहार आहे. दुपारी बारा ते तीन या वेळात रांगा लांबलेल्या असतात आणि काउंटरांपाशी बसायला खुर्ची मिळत नाही; बसून जेवण्याचे आरक्षण नेमके याच वेळेत ठेवावे, म्हणजे थंड हॉलमध्ये तास-सव्वा तास पायांना विश्रांती मिळते. मॅजिक किंगडममध्ये मिरवणुकीच्या आणि आतषबाजीच्या वेळी मुख्य रस्ता ओलांडणे कठीण होते, हे लक्षात घेऊन त्या वेळांना लागून टेबल घेऊ नये. एपकॉटचा वर्ल्ड शोकेस, म्हणजे तळ्याभोवतीची 11 देशांची दालने, साधारणपणे सकाळी अकरानंतर खुली होतात आणि त्यांची पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची आहे. जपानच्या दालनात जेवण आणि लगेच मेक्सिकोच्या दालनात राइड अशी आखणी केली, तर मधली चाल पायांना जाणवते.

रांगा टाळण्यासाठी पैसे देऊन घ्यायच्या लाइटनिंग लेनच्या वेळा जेवणाच्या आरक्षणानंतर ठरतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना त्या सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी निवडता येतात. म्हणजे जेवणाची वेळ आधीच पक्की असते आणि राइडच्या वेळा तिच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या असतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

आरक्षण करताना अ‍ॅलर्जी किंवा आहाराविषयी नोंद करण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा; पण ती नोंद म्हणजे व्यवस्था झाली असे समजू नये. मेनू आधीच संकेतस्थळावर पाहता येतो. वनस्पतिजन्य पदार्थांपुढे तिथे हिरव्या पानाचे चिन्ह असते, आणि ज्यांना अंडेही चालत नाही त्यांच्यासाठी हे चिन्ह सर्वांत विश्वासार्ह ठरते. सूप आणि भात यांत कोंबडीचा अर्क, केकमध्ये अंडे, मार्शमेलोत जिलेटिन असू शकते, हे वेटरला आपण होऊन विचारावे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी टेबलावर बसताच तसे सांगावे; अशा वेळी शेफ स्वतः बाहेर येऊन काय करून देता येईल ते सांगतो, हा तिथला चांगला रिवाज आहे. त्यासाठी थोडा अधिक वेळ धरावा.

अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील सना हे भारतीय आणि आफ्रिकी चवींचे रेस्टॉरंट शाकाहाऱ्यांना विशेष मानवते. तिथे निरनिराळ्या चटण्यांसह नानसारख्या रोट्यांची थाळी मिळते आणि दिवसाउजेडी गेल्यास खिडकीबाहेर जिराफ व झेब्रे चरताना दिसतात. अंधार पडल्यावर हे दृश्य नाहीसे होते, म्हणून दुपारची वेळच मागावी. त्याच लॉजमधील बोमा या बुफेतही भाज्या, डाळी आणि सुपांचे बरेच प्रकार असतात. पॉलिनेशियन रिसॉर्टमधील ओहाना मात्र भाजलेल्या मांसासाठी नावाजलेले आहे. तिथे मागितल्यावर शाकाहारी जेवण देतात, पण एका ठरावीक दराने मिळणाऱ्या त्या पंक्तीत शाकाहारी माणसाचे पैसे फिटत नाहीत.

टेबल मिळाले नाही तर

पहिल्या दिवशी हाती काही लागले नाही, म्हणून प्रयत्न सोडू नयेत. लोक सहलीची आखणी बदलत राहतात आणि टेबले सुटत राहतात. रद्द करण्याची मुदत संपत येते तेव्हा ही सुटका वाढते, त्यामुळे आदल्या रात्री आणि जेवणाच्या दोन-तीन तास आधी अ‍ॅप पुन्हा उघडून पाहणे फायद्याचे ठरते. बऱ्याच रेस्टॉरंटांत ऐनवेळी प्रतीक्षायादीत नाव घालण्याची सोयही अ‍ॅपवर असते. त्यासाठी सहसा त्या रेस्टॉरंटाच्या जवळपास असावे लागते.

काउंटरवरच जेवायचे ठरले तरी ‘मोबाइल ऑर्डर’ वापरावी. अ‍ॅपवर पदार्थ आणि घेण्याची वेळ निवडून पैसे भरायचे, पोहोचल्यावर आल्याचे कळवायचे आणि तयार झाल्याचा निरोप आला की ट्रे उचलायचा, एवढेच. नाताळाच्या आठवड्यात दुपारच्या वेळा लवकर संपतात, म्हणून साडेबाराच्या जेवणाची ऑर्डर सकाळी रांगेत उभे असतानाच देऊन ठेवावी.

त्या दिवशी, आणि बिल येते तेव्हा

ठरलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचून अ‍ॅपवर किंवा दारातील मेजावर हजेरी द्यावी. आरक्षण म्हणजे त्या मिनिटाला टेबल रिकामे मिळेल अशी हमी नव्हे. पुढच्या रिकाम्या टेबलावर आपला हक्क, इतकाच त्याचा अर्थ. गर्दीच्या दिवसांत वीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागणे सामान्य आहे. बसनेच यायचे असेल तर दीड तासाची सवड ठेवून निघावे.

मेनूवरील किमतींत कर आणि टिप धरलेली नसते. उद्यानांतील जेवणावर बहुतेक ठिकाणी 6.5 टक्के विक्रीकर लागतो, आणि अमेरिकेतील प्रथेप्रमाणे वेटरला 18 ते 20 टक्के टिप देणे अपेक्षित असते. म्हणजे 200 डॉलरच्या जेवणावर 13 डॉलर कर आणि 18 टक्क्यांनी 36 डॉलर टिप धरली, तर खिशातून 249 डॉलर जातात. सहा किंवा अधिक माणसांच्या गटाच्या बिलात 18 टक्के टिप आपोआप जोडलेली असते. अशा बिलावर खाली टिपसाठी आणखी एक मोकळी ओळ छापलेली असतेच. तिथे आकडा लिहिण्यापूर्वी वरच्या ओळींत ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द आधीच आला आहे का, ते पाहून घ्यावे.